चाकाच्या खुर्चीची लाज कशाला?

अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणं सुरू होतं. गाडी कोणती ठरवायची, पहाटे किती वाजता निघायचं, शिदोरी कोणी बांधायची, दीक्षाभूमीवरून पुस्तकं कोणती आणायची. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या लोकांना त्याहून लांब पडतं. गाडीत बसणाऱ्यांची नावं मोजली जातात आणि या मोजणीत एखादं नाव हळूच गळतं. "आजी घरीच राहीन, तिचे गुडघे दुखतात." "लहान्याला नको नेऊ, त्याला सिकलसेल आहे, मागच्या खेपी खुबा धरला होता." कोणी भांडत नाही, कोणी रडत नाही. आजी स्वतःच म्हणते, "जा बाप्पा तुम्ही, मी घर सांभाळतो." आणि गाडी निघून जाते.

आम्हाला या गळलेल्या नावांबद्दल बोलायचं आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: चालता येणं वेगळं आणि दिवसभर चालता येणं वेगळं. ज्याला चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून अंगणापर्यंत चालता येतं, त्यालाही यात्रेच्या किंवा सहलीच्या एका दिवसापुरती चाकाची खुर्ची लागू शकते. ती घ्यावी, बिनधास्त घ्यावी. त्यात कमीपणा नाही. कमीपणा असेल तर तो माणसाला मागे ठेवून जाण्यात आहे.

परदेशात ही गोष्ट लोकांनी केव्हाच स्वीकारली आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्नेची प्रचंड मोठी करमणूक उद्यानं आहेत. एक उद्यान पाहायचं तर सकाळपासून रात्रीपर्यंत पायपीट. तिथे आत शिरल्याबरोबर व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणारी छोटी स्कूटर दिवसाच्या भाड्याने मिळते. एका माणसाची, माणसाच्या चालीने चालणारी गाडी ती. ती घेणारे सगळेच काही कायमचे अपंग नसतात. कोणाचे गुडघे गेलेले असतात, कोणाला दम लागतो, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असतं. दिवसभर नातवंडांबरोबर फिरतात आणि संध्याकाळी स्कूटर परत देऊन आपल्या पायांनी घरी जातात. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या शहरात 1979 साली बाजारहाटासाठी अशाच खुर्च्या आणि स्कूटर देण्याची सोय सुरू झाली आणि पुढे ती त्या देशातल्या अनेक शहरांत पोचली. विचार साधा आहे: वस्तू एकाची नको, सगळ्यांची असावी, ज्याला ज्या दिवशी लागेल त्याने त्या दिवशी न्यावी.

आपल्याकडच्या वस्तीत बॅटरीची स्कूटर भाड्याने मिळणं कठीण, आणि आपले रस्तेही तिच्या कामाचे नाहीत. पण घडीची साधी व्हीलचेअर तेच काम करते. सर्जिकल सामानाची दुकानं ती भाड्याने देतात, अनामत ठेवून घेतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर मागितली तर मिळते. मग अडतं कुठे? अडतं आपल्या मनात.

कोणाला लागू शकते ही खुर्ची?

पहिलं नाव आपल्या घरातलंच आहे: सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि आपल्या समाजातही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याच्या अंगात आजार पूर्ण आहे, म्हणजे ज्याला आपण एसएस म्हणतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा जो गोळा खुब्यात बसतो त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अशाच बंद झाल्या तर तो गोळा आतून मरू लागतो, झिजतो, चपटा होतो. म्हणून ऐन विशी-पंचविशीतला पोरगा लंगडताना दिसतो आणि लोक म्हणतात, "एवढ्या वयात याला काय झालं?" अशा खुब्यावर दिवसभर भार टाकणं म्हणजे जखमेवर पोतं ठेवणं. त्यात ऊन, कमी पाणी, जागरण आणि थकवा यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा पोराला यात्रेला नेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. बसवून न्या, असं म्हणतो. जो फक्त वाहक आहे, एएस आहे, त्याला सहसा हा त्रास होत नाही, तेव्हा विनाकारण घाबरूही नका.

दुसरं, आपल्या आयाबाया. चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या, सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या. साठीच्या आतच त्यांचे गुडघे बोलू लागतात. तिसरं, हत्तीरोग. आपल्या जिल्ह्यात हा रोग जुना आहे, म्हणून तर हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटल्या गेल्या. सुजलेला जड पाय घेऊन गर्दीत उभं राहणं किती कठीण, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. चौथं, चुलीच्या धुराने किंवा विडीने छाती खराब झालेले, हृदयाचा त्रास असलेले, पक्षाघातातून सावरत असलेले. यातले बरेच जण घरात चालतात, म्हणून कोणी त्यांना अपंग म्हणत नाही. आणि अपंग नाहीत म्हणून त्यांच्यासाठी कोणी खुर्चीही आणत नाही. ते मधल्या मध्ये अडकतात. घर सुटत नाही, यात्रा घडत नाही.

तीन आक्षेप

"काय म्हणतीन लोकं?" हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर द्यायला आपल्याला दूर जायची गरज नाही. आपल्या भंडाऱ्यातून 1954 ची पोटनिवडणूक लढवणारे बाबासाहेब शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांसमोर ते धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर आले ते एका हातात काठी घेऊन आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. शरीर साथ देत नव्हतं, पण ते घरी बसले नाहीत. आधार घेतला आणि पोचले. तो आधार पाहून त्या मैदानातल्या कोणा माणसाला बाबासाहेब लहान वाटले काय? आणि तथागतांचं पाहा. महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध तथागत आपल्या देहाला डागडुजी करून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात. कुसिनाऱ्याच्या वाटेवर थकले तेव्हा त्यांनी आनंदाला चीवर अंथरायला सांगितलं, पाणी मागितलं, विसावा घेतला आणि मग पुढे निघाले. थकवा कबूल करणं आणि तरी वाट न सोडणं, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. मग चाकाच्या खुर्चीची लाज कशाला?

दुसरा आक्षेप जरा वजनाचा आहे: "एकदा बसायची सवय लागली की माणूस बसूनच राहतो." यात तथ्य आहे. स्नायू वापरले नाहीत तर ते दुबळे होतात आणि गुडघ्याच्या दुखण्यात तर रोजचं थोडं चालणं, मांडीचे व्यायाम हेच औषध आहे. म्हणून आम्ही खुर्ची घरात रोज वापरायला सांगत नाही. घरी, वस्तीत, विहारापर्यंत झेपेल तेवढं चालावंच. खुर्ची ही लांबच्या अंतरासाठी, रांगेसाठी, गर्दीच्या दिवसासाठी. बैलगाडीत बसून बाजाराला गेलेला माणूस काही चालणं विसरत नव्हता. उलट, जी बाई गुडघ्यांच्या भीतीने वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडत नाही, तिचे पाय आणि मन दोन्ही लवकर थकतात. तिच्यासाठी खुर्ची बाहेर पडण्याचं निमित्त ठरते.

तिसरा आक्षेप तोंडावर कोणी बोलत नाही, पाठीमागे कुजबुजतात. खुर्चीतून आलेली बाई वंदनेसाठी उठून उभी राहिली, चार पावलं चालली, की मागून आवाज येतो, "चालता तर येते हिले, मग हे नाटक कशाले?" हे बोलणं फार लागतं. त्यामुळे कितीतरी जण गरज असून खुर्ची नाकारतात. वाचकहो, हे आपण थांबवलं पाहिजे. खुब्याचा झिजलेला गोळा बाहेरून दिसत नाही, कमी झालेलं हिमोग्लोबिन दिसत नाही, छातीतला दम दिसत नाही. चार पावलं चालू शकणाऱ्याने ती चार पावलं बुद्धासमोर चालण्यासाठीच राखून ठेवली असतील, तर त्याला नाटक म्हणणारे आपण कोण?

हक्क कागदावर आहे

2016 साली अपंग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत आणि सिकलसेल त्यांपैकी एक आहे. त्याच कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणूक याविषयी आहे. म्हणजे उत्सवात, सहलीत, बागेत, नाटकात इतरांबरोबरीने भाग घेणं हा अपंग माणसाचा हक्क कायद्याने मानला आहे. औषधपाणी झालं, पोट भरलं, आता घरी पडून राहा, असं कायदा म्हणत नाही. 60 वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यात काठी, वॉकर, व्हीलचेअर अशी साधनं मोफत देतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र वृद्धाच्या खात्यात साधनांसाठी एकदा 3000 रुपये जमा होतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवलं असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून साधन मिळू शकतं. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत चौकशी करा. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी आजी-आबाजींचे हे कागद करून दिले तर ते कोणत्याही भाषणापेक्षा मोठं काम होईल.

नेताना एवढं सांभाळा

मुख्य दिवशी दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. त्या रेट्यात खुर्ची घालणं बसणाऱ्याला आणि इतरांनाही धोक्याचं. आदल्या दिवशी पहाटे जा, किंवा गर्दी ओसरल्यावर जा. धम्मभूमी दुसऱ्या दिवशीही तीच असते. पायऱ्या कुठे आहेत, उतार कुठे आहे, शौचालय किती लांब आहे, हे नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाला विचारून घ्या. पहिल्यांदाच नेत असाल तर जवळून सुरुवात करा: पवनीजवळचा रुयाडचा महास्तूप, कामठीचं ड्रॅगन पॅलेस, नाहीतर नातवंडांबरोबर एखादी बाग. एक दिवस नीट पार पडला की धीर येतो.

खुर्ची घेताना दोन्ही ब्रेक लावून पाहा, पाय ठेवायच्या पट्ट्या घट्ट आहेत का पाहा. बसताना आणि उठताना ब्रेक लावलेलेच हवेत. पडण्याचे बहुतेक प्रसंग इथेच येतात. पायपट्टीवर उभं राहून उठू नये, खुर्ची पुढे कलंडते. उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी फिरवा आणि ढकलणाऱ्याने मागे-मागे उतरावं. साडीचा पदर, ओढणी, शालीचं टोक चाकात जाणार नाही असं खोचून घ्या. बसायला जाड गादी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवा आणि दर अर्ध्या तासाने जरा उठवा किंवा कूस बदलायला लावा. हत्तीरोगाचा पाय लोंबकळत ठेवू नका, त्याखाली आधार द्या. मधुमेह असेल तर पायात बंद चप्पल हवी आणि रात्री तळपाय नीट पाहावेत, कारण घासल्याचं त्यांना कळत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाने पाण्याची बाटली हातात ठेवावी आणि तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पीत राहावं. ऑक्टोबरचं ऊन टाळावं, रात्रीच्या परतीसाठी गरम कपडा असावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या त्या दिवशीही चुकवू नयेत आणि आजाराचा कागद खिशात असावा. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला किंवा नेहमीच्या गोळीने दुखणं थांबलं नाही तर "घरी जाऊन पाहू" म्हणू नका. नागपुरातच दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही सामानापेक्षा महत्त्वाची. खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे ढकलायचं पोतं नव्हे. कुठे जायचं, कुठे थांबायचं, कोणत्या पुस्तकाच्या दुकानापाशी वळायचं, हे त्याला विचारा. दुकानदाराने "आजीले काय पाहिजे?" असं तुम्हाला विचारलं तर म्हणा, "आजीलेच विचारा." ढकलायचं काम घरच्या सुनेवर किंवा लेकीवरच टाकू नका. आळीपाळीने दोघं-तिघं असू द्या. तरुण पोरांनी पुढे यावं. समता सैनिक दलाचा वारसा सांगणाऱ्यांना हे काम परकं वाटू नये.

विहाराची एक खुर्ची

आता आमची सूचना. प्रत्येक विहारात निदान एक घडीची व्हीलचेअर असावी. साधी खुर्ची साधारण पाच-सात हजारांत येते. जयंतीच्या डीजेवर आपण एका रात्रीत किती उडवतो, हे ज्याचं त्याने मनात मोजावं. एका वर्षी तो आवाज थोडा कमी केला तर खुर्ची आली. विहाराच्या कपाटात एक वही ठेवा: कोणी नेली, कधी नेली, कधी परत आली. देखभालीसाठी ज्याला जमेल त्याने दिवसाचे दहा-वीस रुपये द्यावेत, ज्याला जमत नाही त्याला मागू नये. चाकांना तेल, ब्रेकची तपासणी महिन्यातून एकदा. वस्तीतला सायकलवाला हे काम सहज करतो. विजयादशमीला एकाच वेळी तिघांनी मागितली तर सर्जिकल दुकानातून दोन भाड्याने आणाव्यात आणि भाडं वर्गणीतून द्यावं. ही खुर्ची फक्त यात्रेच्या कामाची नाही. दवाखान्यात नेताना, मतदानाला नेताना, लग्नाला, परित्राणपाठाला नेताना ती वर्षभर फिरत राहील.

खुर्ची आली की लगेच लक्षात येईल की आपल्या विहाराला उतार नाही. तीन पायऱ्या आहेत, कठडाही नाही. 20 मार्च 1927 ला आपले बापजादे महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते सार्वजनिक जागा सर्वांची आहे हे सांगायला. 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात उभे राहिले तेही माणूस म्हणून आत जाण्याच्या हक्कासाठी. दारं बंद असणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? त्या समाजाच्या स्वतःच्या विहारात एखाद्या म्हातारीला पायऱ्यांमुळे बाहेरच बसावं लागत असेल, तर ते आपल्याला शोभत नाही. उताराचं गणित सोपं आहे: एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. वस्तीत गवंडी आपलेच आहेत, सिमेंट-रेती कोणी ना कोणी देईलच. एका रविवारच्या श्रमदानाचं काम आहे.

येत्या विजयादशमीच्या गाडीची यादी करताना घरातल्या त्या एका माणसाला एवढंच विचारा, "खुर्चीची सोय केली तर येशीन काय?" आणि उत्तर काही आलं तरी ते त्याचं स्वतःचं असू द्या, आपण त्याच्या वतीने देऊ नका.

जयभीम!